मंदावलेला ब्राउझर: कारणें व उपाय

सात-बाराचा उतारा, पीक-विम्याचा अर्ज, बाजारभावांची चौकशी इत्यादि कामें हल्लीं पुष्कळ शेतकरी बंधु घरच्या संगणकावरच उरकतात. हीं पानें ज्या साधनानें उघडावयाचीं तो ब्राउझर कांहीं वर्षांनीं मंद पडूं लागतो, आणि अर्जाची मुदत संपत आली असतां एकेका पानासाठीं ताटकळत बसावें लागतें. अशा वेळीं नवा संगणक घेण्याकडे मनाचा कल होतो. परंतु निदान केल्यावांचून हा खर्च करणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं.

प्रथम तेंच पान त्याच जोडणीवरून मोबाइलवर उघडून पाहावें. तेथेंही तेवढेंच एक पान रखडत असेल, तर दोष त्या संकेतस्थळाचा. अखेरच्या दिवशीं सर्वांनीं एकदम धांव घेतली म्हणजे असें होतें. त्यावर ब्राउझरमध्यें इलाज नाहीं. सर्वच पानें रखडत असतील तर जोडणी तपासावी. मोबाइलवर सुरळीत व संगणकावर मंद असेल, तरच पुढील विवेचन उपयोगीं पडेल.

बहुधा खरें कारण रॅमची टंचाई हें असतें. रॅम हें खळें व डिस्क हें कोठार समजावें. खळें भरून गेलें कीं कांहीं पेंढ्या कोठारांत टाकाव्या लागतात व लागतील तशा परत आणाव्या लागतात. सारा वेळ वाहतुकींत जातो, मळणी होतच नाहीं. ब्राउझर खळें इतकें कां अडवितो, यालाही कारण आहे. २००८ सालीं क्रोम निघाला तेव्हांच एक पान बिघडल्यास बाकीचीं बुडूं नयेत म्हणून टॅब निरनिराळे चालविण्याची योजना त्यांत होती. पुढें जानेवारी २०१८ मध्यें प्रोसेसरमधील स्पेक्टर नांवाचें वैगुण्य उघडकीस आलें, आणि त्याच वर्षीं क्रोमनें निरनिराळ्या संकेतस्थळांचीं पानें अधिक काटेकोरपणें विभक्त केलीं. यामुळें स्मृतीचा खर्च शेंकडा १० ते १३ वाढला, असें त्याच्या कर्त्यांनींच सांगितलें होतें. खर्च सुरक्षिततेसाठीं आहे, तेव्हां त्याबद्दल कुरकुर नको. पण ४ गिगाबाईट रॅमच्या यंत्रावर वीस टॅब उघडे ठेवणें हा आपलाच दोष होय. नको असलेले टॅब बंद करावे. पुन्हां लागणाऱ्या पानांची बुकमार्कमध्यें नोंद ठेवावी. क्रोमच्या सेटिंग्जमध्यें परफॉर्मन्स या सदराखालीं मेमरी सेव्हर आहे, तो चालू करावा; न वापरलेले टॅब तो निजवितो. अर्धवट भरलेला अर्ज तो सहसा सोडून देतो, तरी अर्ज एका बैठकींत पुरा करणें बरें.

दुसरें कारण एक्स्टेन्शनें. आंब्यावरील बांडगुळाप्रमाणें हीं जोडकामें ब्राउझरच्या रसावर पोसतात. परीक्षा सोपी आहे: इन्कॉग्निटो खिडकींत तीं सामान्यतः बंद असतात, तेथें पान झटकन उघडलें तर दोष त्यांचाच समजावा. क्रोममध्यें शिफ्ट व एस्केप या कळा एकत्र दाबल्या असतां कोण किती स्मृति खातो याचा तक्ता दिसतो. निरुपयोगी तीं काढून टाकावीं.

कॅशे पुसण्याचा उपाय जो तो सांगतो, पण तो बहुधा उलटा पडतो. एकदां आणलेलीं चित्रें व फाइली पुन्हां आणाव्या लागूं नयेत म्हणूनच ब्राउझर त्या सांठवितो. पुसल्यावर तें सर्व नव्यानें आणावें लागतें. पान जुनें किंवा मोडकें दिसत असेल तरच कॅशे पुसावा, आणि तेव्हांही पासवर्डांच्या चौकटींत खूण राहूं देऊं नये. ‘संगणक वेगवान करा’ अशा जाहिरातींतून मिळणारे कार्यक्रम तर घेऊंच नयेत. त्यांतील कित्येक स्वतःच उपद्रवी असतात.

एवढें करूनही मंदपणा न गेल्यास यंत्राकडे वळावें. विंडोज ७ वर क्रोमची १०९ ही शेवटची आवृत्ति. २०२३ पासून पुढील आवृत्त्या त्यावर चालत नाहींत, म्हणून तेथें प्रणाली बदलणेंच इष्ट. जुन्या फिरत्या डिस्कच्या जागीं एसएसडी बसविल्यास फार फरक पडतो. रॅमही वाढवितां येते. मात्र कित्येक लॅपटॉपांत ती पाटीवर डाखलेली असते, यास्तव विकत घेण्यापूर्वीं जागा मोकळी आहे कीं नाहीं हें जाणत्याकडून पाहून घ्यावें.