काच कापायचा कटर कोणता घ्यायचा? सारसाच्या मानेचा धडा

गोंदियातून बोलतोय. ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी हा भाग लेखी देतोय.

आपल्या जिल्ह्याची ओळख म्हणजे सारस. धानाच्या बांधीत जोडीने फिरणारा, लाल डोक्याचा, माणसाएवढा उंच पक्षी. मला तो रंगीत काचेत करून खिडकीत टांगायचा होता. समोर दिसला तो सगळ्यात स्वस्त कटर उचलला आणि कामाला बसलो. पाय झाले, चोच झाली. मान आली आणि करड्या काचेचे तीन तुकडे वाया गेले. ही काच इथे सहज मिळत नाही, त्यामुळे जीव हळहळला. चूक कुठे झाली, तेच आज सांगतो.

पहिली गोष्ट: कटर काच कापतच नाही! तो फक्त वर एक बारीक रेघ ओढतो. आपण वाकवतो तेव्हा काच त्या रेघेवरून तुटते. म्हणजे रेघ जितकी सलग, तितकी काच शहाण्यासारखी तुटणार.

आता प्रकार बघू.

एक, हिरा. टोकाला हिऱ्याचा बारीक कण बसवलेला असतो. जुने कारागीर सरळ रेघ झकास मारतात. पण तो ठरावीक कोनातच धरावा लागतो. वळणावर हात फिरला की कोन बदलतो आणि रेघ बिघडते. नवशिक्यासाठी नाही.

दोन, पोलादी चाकाचा कटर. चाकाच्या कटरचं पेटंट अमेरिकेत सॅम्युअल मॉन्स यांनी 1869 मध्ये घेतलं. योगायोग बघा, मुंबईच्या राजाबाई टॉवरचं बांधकामही त्याच वर्षी सुरू झालं. तिथल्या रंगीत खिडक्या कधी बघितल्या तर लक्षात येईल, चित्रातला प्रत्येक तुकडा वेगळ्या आकाराचा आहे. पोलादी चाक स्वस्त असतं, पण लवकर बोथट होतं. बोथट चाक मध्येच रेघ सोडतं, आणि तिथूनच काच भलतीकडे जाते. माझं तेच झालं.

तीन, टंगस्टन कार्बाइडचं चाक आणि दांड्यात तेल. चाक खूप टिकतं, तेल आपोआप उतरतं, आणि पुढचं डोकं थोडं फिरतं म्हणून वळण सोपं जातं. मानेसाठी हाच घ्या.

पकड? पेनासारखा दांडा नक्षीला बरा. बोटं दुखत असतील किंवा जास्त वेळ काम असेल, तर पिस्तुलासारखी मूठ घ्या, जोर तळहातावर येतो. दुकानात दोन्ही धरून बघा. फोन घेताना हातात धरून बघतोच ना?

घेतल्यावर आधी खिडकीच्या साध्या 3 मिमी काचेवर सराव करा. गुळगुळीत बाजू वर ठेवा. या कडेपासून त्या कडेपर्यंत एकाच दमात रेघ मारा. बारीक, सलग 'सर्रर्र' ऐकू आलं पाहिजे. पांढरी भुकटी उडाली तर जोर जास्त झाला. आणि त्याच रेघेवर पुन्हा कटर फिरवू नका, चाक खराब होतं आणि काचही. तेलवाला कटर नसेल तर चाक शिलाई मशीनच्या तेलात बुडवा.

मानेसारखं आत जाणारं वळण एका झटक्यात निघत नाही. मुख्य रेघेच्या बाहेर, टाकाऊ भागात, आणखी दोन-तीन वळणं मारा आणि पकडीने पाकळी-पाकळीने तोडत आत या. म्हणून पैसे उरले तर महागड्या कटरऐवजी काच तोडायची चांगली पकड घ्या.

दोन इशारे. टफन ग्लास, म्हणजे गाडीच्या बाजूची किंवा मोबाईलवर लावायची टेम्पर्ड काच, यावर कटर चालवू नका, ती कापली जात नाही, फुटते. आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. काचेची कुसळं दिसत नाहीत, टोचल्यावरच कळतात. काम झालं की टेबल हाताने नाही, ब्रशने झाडा.

थोडक्यात, कटर किमतीवरून नाही, आपल्या चित्रातल्या सगळ्यात अवघड रेघेवरून निवडा. माझा सारस चौथ्या तुकड्यात पूर्ण झाला. सकाळचं ऊन त्याच्या मानेतून येतं, तेव्हा वाया गेलेल्या तीन तुकड्यांचं दुःख थोडं कमी होतं.

पुढच्या भागात हे तुकडे जोडायचं बोलू. तोवर हात सांभाळा!