मेन बंद करण्याची रात्र

नोव्हेंबरचा पहिला शनिवार. संध्याकाळी सहा वाजता मुलगा तळघरात उतरतो, एकेक ब्रेकर खाली करतो आणि शेवटी मेन. खटका पडतो आणि घर गप्प होतं. फ्रिजची घरघर, फर्नेसच्या पंख्याची घोंघों बंद पडल्यावरच कळतं, की दिवसभर ती कानावर होती. थर्मामीटरवर 21 अंश. मी वहीत वेळ टिपते.

आम्ही टोरांटोजवळ मिसिसागात राहतो आणि हिवाळा लागण्याआधी एक रात्र अशी मुद्दाम विजेवाचून काढतो. ही सवय 2013ने लावली. त्या डिसेंबरच्या 21 आणि 22 तारखेला इथे गोठता पाऊस पडला. वरची हवा जरा उबदार, जमिनीलगतची शून्याखाली. अशा वेळी थेंब पाणी म्हणूनच खाली येतो आणि फांदीला, तारेला टेकला की बर्फ होतो. त्या ओझ्याने झाडं मोडून तारांवर पडली. एकट्या टोरांटोत सुमारे 3 लाख ग्राहकांची वीज गेली, काहींकडे ती आठवडाभर आली नाही.

सासूबाई तेव्हा सांगलीहून आल्या होत्या. "लाइट गेलीय ना? येईल की. मेणबत्ती काढ," म्हणाल्या. भारनियमनात वर्षं काढलेल्या बाईचं बोलणं तिकडच्या हिशेबाने बरोबरच होतं. सांगलीत लाइट गेली की उजेड जातो, पंखा जातो. इथे घराची ऊब जाते, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी उमगलं.

आमची फर्नेस गॅसवर चालते, मग विजेचं काय एवढं, असं मलाही वाटायचं. पण गॅस पेटवायला वीज लागते आणि गरम हवा खोल्याखोल्यांत ढकलणारा पंखाही विजेवरच. तिसऱ्या दिवशी मुलांना घेऊन मित्राकडे गेलो. वीज आल्यावर परतलो तर घर तापलेलं, आणि भिंतीलगतचा फुटलेला पाइप बर्फ वितळल्यामुळे तळघरात भळाभळा वाहत होता. पाणी गोठताना साधारण 9 टक्के फुगतं. तांब्याचा पाइपही त्याला तोंड देऊ शकत नाही. पाण्याचा मेन कॉक कुठे आहे, घरात एकालाही माहीत नव्हतं. घोटाभर गार पाण्यात उभं राहून आम्ही तो शोधला.

म्हणून या रात्रीचं पहिलं काम मेन कॉकचं. तो तळघरात, रस्त्याच्या बाजूच्या भिंतीला, मीटरशेजारी आहे; पितळी, वर गोल चाक. वर्षभर हात लागला नाही की घट्ट धरतो. मुलगा फडकं घेऊन जोर न लावता थोडा पुढे, थोडा मागे करत राहतो. एक करकर होते आणि चाक सुटतं. कॉक बंद झाला की मी वरच्या मजल्यावरचा नळ उघडते, मुलगा तळघरातला. वरचा नळ हवा ओढतो, भिंतीच्या आत गुडगुड होते, आणि खालची धार बारीक होत होत थेंबांवर येते. घर सोडून जायची वेळ आली तर एवढं करायचं, गरम पाण्याच्या टाकीचा गॅस बंद करायचा आणि मगच दाराला कुलूप लावायचं. सराव झाला की कॉक पुन्हा उघडतो.

मग खोली. अख्खं घर उबदार राहणार नाही, पण एक खोली राहते. आम्ही दक्षिणेच्या खिडकीची लहान खोली धरली आहे, दिवसा ऊन येतं म्हणून. गाद्या जमिनीवर, एकीला एक लावून. खिडकीवर ब्लँकेट. दारावर सासूबाईंनी जुन्या लुगड्यांची शिवलेली गोधडी. खाली फटीत टॉवेलची गुंडाळी. चौघं आत झोपलो की पहाटे ही खोली जिन्यापेक्षा चार अंश वर असते. दर वर्षीच्या पानावर तसंच लिहिलंय.

जेवायला मेतकूट-भात. शेगडी काडीने पेटते. फ्रिज उघडायचा नाही. बंद ठेवला तर चार तास निभतो, भरलेला फ्रीझर दोन दिवस.

एका बाबतीत मात्र मी कुणाचंच ऐकून घेत नाही. कोळशाचा बार्बेक्यू घरात आणायचा नाही, शेगडी ऊब घ्यायला पेटती ठेवायची नाही, जनरेटर गॅरेजमध्येही लावायचा नाही, दार उघडं असलं तरी. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. डोकं दुखतं, मळमळतं, माणूस थंडीने थकलोय म्हणून आडवा होतो आणि उठत नाही. या वायूचा बॅटरीवरचा गजर जिन्यापाशी आहे. त्याचं बटण दाबून पाहिल्याशिवाय आमच्याकडे कुणी झोपत नाही.

आठ वाजता शेजारच्या आजींचं दार वाजवतो. त्या एकट्या राहतात. 1998च्या जानेवारीत त्या क्वेबेकमध्ये होत्या. तेव्हा विजेचे लोखंडी मनोरेसुद्धा बर्फाच्या भाराने कोसळले आणि काही भागांत वीज यायला महिना लागला. त्यांच्या खेड्यात विहिरीचा पंप विजेवर, त्यामुळे पाणीही गेलं. वादळाचा इशारा आला की बाथटब भरून ठेवायचा, हे आम्ही त्यांच्याकडून शिकलो. वीज गेली तर त्यांनी आमच्या खोलीत यायचं, हे ठरलेलं आहे. पाचवी गादी त्यांची.

यंदा सकाळी सात वाजता दिवाणखान्यात साडेपंधरा अंश होते, बाहेर दोन. मुलाने मेन वर केला.

तुमची मुलं, भाचरं अशा थंड मुलुखात राहत असतील, तर पुढच्या फोनवर जेवणखाण विचारून झालं की एवढं विचारा: तुमच्या घरात पाण्याचा मेन कॉक कुठे आहे? सांगता आलं नाही, तर फोन चालू ठेवून त्यांना तळघरात पाठवा.