शेततळे : पाणी भरण्याआधी कुंपण

नवापूर तालुक्यातील खांडबारा परिसरात पावसाळा सरला की रब्बीला आधार साठवलेल्या पाण्याचाच. शेततळे खोदताना काय पाहावे?

आकार : ३० बाय ३० मीटर, ३ मीटर खोल आणि १:१ उताराच्या तळ्यात सुमारे २२ लाख लिटर पाणी मावते.

अस्तर : मुरमाड जमिनीत पाणी झिरपते; तिथे ५०० मायक्रॉनचा प्लास्टिक कागद लागतो. खडे, मुळ्या काढूनच तो अंथरावा.

देखभाल : पावसाळ्यापूर्वी गाळ काढावा, कागदाची छिद्रे बुजवावीत.

धोका : ओल्या कागदावर पाय ठरत नाही, पट्टीच्या पोहणाऱ्यालाही काठ चढणे कठीण. म्हणून चौफेर कुंपण, आत सोडलेले गाठींचे दोर आणि हवा भरलेल्या ट्यूब हव्यातच. मुलांना तिथे पोहायला पाठवू नये.