घरोघरची मोजणी आणि नावाची राखण

गेल्या वर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या तयारीत आमच्या मंडळाने अमेरिकेतील आपल्या कुटुंबांची एक छोटी पाहणी करावयाचे ठरविले. मी संगणक अभियंता असल्यामुळे प्रश्नावली तयार करण्याचे काम माझ्याकडे आले. एका रात्रीत मी ती तयार केली. नाव, कंपनी, व्हिसाचा प्रकार, आणि कामाच्या ठिकाणी जातीवरून कधी अपमान झाला काय, असे रकाने होते. सर्व रकाने भरणे सक्तीचे. बैठकीत एका ज्येष्ठ मावशींनी ती वाचली आणि एवढेच विचारले, "बाळा, हे सगळं कुणाच्या हाती जाणार?"

माझ्यापाशी उत्तर नव्हते. ते शोधताना मी अशा मोजणीपर्यंत पोहोचलो, जिथे चुकीच्या हाती गेलेले एक नाव जीवावर बेतू शकत होते. ती मोजणी होती युद्धग्रस्त इराकमधील, आणि तिची आखणी करणारे प्रमुख अभ्यासक होते आपल्याच या देशातील, बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे.

२००३ च्या आक्रमणानंतर इराकमध्ये किती माणसे दगावली, हे सांगणारी विश्वसनीय नोंद नव्हती. अशा वेळी घरोघर जाऊन विचारणे हाच मार्ग उरतो. परंतु प्रत्येक घरी जाणे अशक्य. म्हणून लोकसंख्येच्या प्रमाणात, चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठिकाणे निवडतात आणि प्रत्येक ठिकाणी लागून असलेल्या काही घरांना भेटतात. २००४ च्या सप्टेंबरात इराकी सहकाऱ्यांनी अशी ३३ ठिकाणे घेतली. एकूण ९८८ घरे. कुटुंबात कोण आहेत, कोण जन्मले, कोण वारले, केव्हा व कशाने, हे विचारले. काही घरांत मृत्यूचा दाखलाही मागितला. २००६ च्या फेरीत कुटुंबाची व्याख्या होती, एकत्र जेवणारी आणि स्वतंत्र दार असलेली माणसे. आपल्या जनगणनेतही एका स्वयंपाकघरात जेवणारे ते एक कुटुंब मानतात. चूल ही मोजणीची पहिली खूण दिसते.

२००४ च्या पाहणीचा निष्कर्ष 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला: सुमारे ९८,००० अधिक मृत्यू. मात्र शक्यतेचा पट्टा ८,००० पासून १,९४,००० पर्यंत रुंद होता. कारण हिंसा पावसासारखी सगळीकडे सारखी पडत नाही. हिंसक मृत्यूंपैकी दोनतृतीयांश एकट्या फलुजा शहरातील एका ठिकाणी नोंदले गेले होते. ते ठिकाण वगळूनच हा आकडा काढला गेला.

२००६ मध्ये १,८४९ घरांची दुसरी पाहणी झाली. तिचा अंदाज ६,५४,९६५ अधिक मृत्यूंचा होता. त्यांपैकी सुमारे ६ लाख हिंसेमुळे. त्याच काळासाठी इराक सरकार व जागतिक आरोग्य संघटना यांनी ९,३४५ घरांतून केलेल्या पाहणीत हिंसक मृत्यू १,५१,००० निघाले. या दुसऱ्या पाहणीत असुरक्षिततेमुळे सुमारे ११ टक्के ठिकाणी प्रगणक जाऊच शकले नाहीत. तेथील अंदाज इतर माहितीवरून बांधावा लागला. दारात सरकारी माणूस उभा असताना घरचे सारे सांगितले गेले असेल काय, हा प्रश्नही अभ्यासकांनी विचारला. दार तेच, प्रश्न जवळजवळ तेच. परंतु विचारणारा बदलला की उत्तर बदलू शकते.

आता मावशींचा प्रश्न. २००९ च्या फेब्रुवारीत जॉन्स हॉपकिन्सनेच जाहीर केले की, २००६ च्या पाहणीत परवानगी नसताना काही अर्जांवर माणसांची नावे लिहिली गेली होती, आणि लेखात मात्र ओळख पटविणारी माहिती घेतली नाही असे छापले गेले होते. कुणाला इजा झाल्याचा पुरावा चौकशीत आढळला नाही; तरीही मुख्य संशोधकावर अशा संशोधनाचे नेतृत्व करण्यास बंदी घालण्यात आली. त्याच महिन्यात अमेरिकेतील जनमत संशोधकांच्या संघटनेने, पद्धतीचा मूलभूत तपशील उघड न केल्याबद्दल त्यांना दोष दिला. उत्तर देणाऱ्याचे नाव झाकले पाहिजे आणि मोजण्याची पद्धत उघडी ठेवली पाहिजे. तिथे नेमके उलट घडले.

आपल्या समाजाला मोजणीचे मोल वेगळे सांगावयास नको. १९५१ च्या जनगणनेतून जातवार तक्ते वगळले गेले, याबद्दल बाबासाहेबांनी भाषावार राज्यांवरील आपल्या १९५५ च्या ग्रंथात नाराजी नोंदविली आहे. धर्मांतरापूर्वी, १९५१ मध्ये, महाराष्ट्रात बौद्ध होते अवघे २,४८७. १९६१ मध्ये ते २७,८९,५०१ झाले. हा आकडा कुणी बहाल केला नव्हता. दारात आलेल्या प्रगणकापुढे आपल्या आजी-आजोबांनी "बौद्ध" असे सांगितले, म्हणून तो उभा राहिला. अनुसूचित जातीच्या केंद्रीय सवलती बौद्धांना १९९० पर्यंत नव्हत्या, हे ध्यानी घेतले म्हणजे त्या एका शब्दाची किंमत कळते.

अमेरिकेची जनगणना जात विचारीत नाही. २०१६ मध्ये इक्वॅलिटी लॅब्सने ऑनलाइन पाहणी केली. दीड हजारांहून अधिक लोकांनी उत्तरे दिली आणि २०१८ मध्ये अहवाल आला. त्यातून आपले अनुभव प्रथमच एकत्र पुढे आले. परंतु तो चिठ्ठ्या टाकून निवडलेला नमुना नव्हता. त्यावरून साऱ्या समाजाचे प्रमाण काढता येत नाही. २०२० च्या कार्नेगी संस्थेच्या पाहणीत भारतीय वंशाचे १,२०० जण होते, नमुना अधिक शिस्तीचा. पण त्यात दलित इतके थोडे की आपल्या अनुभवाविषयी ती फारसे सांगू शकत नाही. दोन्हींना आपापली मर्यादा आहे. एकीचा उपयोग करून दुसरीला खोटे ठरविणारे ही मर्यादा लपवितात.

आम्ही आमची प्रश्नावली पुन्हा लिहिली. नाव व कंपनी काढून टाकली. व्हिसाचा रकानाही काढला, कारण लहान गावात व्हिसा, व्यवसाय आणि वय एकत्र आले की नावाची गरज उरत नाही. माणूस ओळखू येतो. कोणताही प्रश्न सोडून देण्याची मुभा ठेवली. उत्तरे कोण पाहील, कुठे राहतील आणि केव्हा पुसली जातील, हे पहिल्याच ओळींत लिहिले. किती कुटुंबांना विचारले आणि किती जणांनी नकार दिला, हेही निष्कर्षासोबत सांगण्याचे ठरले.

आपल्याकडे पुढे अशा अनेक पाहण्या येतील. दार बंद करू नका. न मोजलेल्याचे दुःख कागदावर येत नाही. परंतु उत्तर देण्यापूर्वी मावशींचा प्रश्न अवश्य विचारा. त्याला सरळ उत्तर देता येत नसेल, तर मोजणाऱ्याची तयारी अपुरी आहे असे समजावे. माझीही होती.

सुधारलेली प्रश्नावली मावशींनीच सर्वांत आधी भरली, असे त्यांनीच सांगितले. त्यांची उत्तरे कोणती, हे मला ठाऊक नाही, आणि ते तसेच असावयास हवे.

जयभीम.