सायकल फेरी आणि शेवटचा गडी



आपल्या कार्यक्षेत्रातील काही तरुण मंडळी परवा आमच्याकडे आली होती. हंगाम सुरू झाला की आपल्या जिल्ह्यातील तोडणी कामगार जोडपी कोयता घेऊन बाहेर पडतात आणि त्यांची बरीच लेकरं गावातल्या हंगामी वसतिगृहात राहतात. या लेकरांसाठी वह्या, स्वेटर, पांघरुणं घेता यावीत म्हणून पाच दिवसांची सायकल फेरी काढून निधी जमवायचा, असा या मंडळींचा बेत आहे. बेत चांगला आहे. त्यांचा पहिला प्रश्न होता, "सायकल कोणती घ्यावी?" आम्ही म्हटलं, घरात असेल ती घ्या, फक्त ब्रेक आणि टायर नीट पाहून घ्या. पण दहा-पंधरा माणसं पाच दिवस एकजुटीनं कशी राहतील, हे आधी ठरवा. फेरी मोडते ती बहुधा माणसांमुळे.

हे आम्ही अनुभवानं सांगतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर आम्ही नऊ जण बीडहून अंबाजोगाईकडे सायकलींवर निघालो होतो, गावोगाव धान्य आणि पैसा गोळा करीत. मांजरसुंब्याचा घाट लागला. तगडी पोरं झपाट्यानं वर गेली आणि झाडाखाली बसली. आमच्यातला एक जण सालगड्याचा मुलगा, भाड्याची जुनी सायकल घेऊन आलेला, तो अर्ध्या तासानं धापा टाकीत पोचला. तो दिसताच कुणीतरी ओरडलं, "आला एकदाचा! चला!" आणि सगळे निघाले. दिवसभर प्रत्येक थांब्यावर हेच झालं. नेकनूरला मुक्काम केला. सकाळी पाहतो तर तो आपली सायकल एसटीच्या टपावर टाकून घरी निघून गेलेला. त्याच दिवशी केजच्या अलीकडे आमच्या दोन सायकली पंक्चर झाल्या. पंक्चर काढता येत होतं ते एकट्या त्यालाच. भर उन्हात सायकली ढकलीत आम्ही केज गाठलं. पुढे तो आमच्या मंडळात कधीच आला नाही.

चूक कुठे झाली ते नीट समजून घ्या. पुढचे अर्धा तास बसले, म्हणजे त्यांना अर्धा तास विसावा मिळाला. मागचा आला आणि लगेच निघावं लागलं, म्हणजे त्याला विसावा मिळालाच नाही. ज्याला गरज जास्त, त्याच्याच वाट्याला काही नाही. असं दिवसातून पाच वेळा झालं की मागचा आणखी मागे पडतो आणि मनातून उतरतो. म्हणून पहिला नियम असा करा की विसाव्याचे घड्याळ शेवटचा गडी पोचल्यावर सुरू होईल. तो पाणी पिऊन, घाम पुसून "चला" म्हणेल तेव्हा निघायचे.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. सपाट रस्त्यावर वेगानं जाणाऱ्या सायकलवाल्याची बहुतेक ताकद वारा कापण्यात जाते. पुढच्याच्या आडोशाला जवळून चालणाऱ्याचे श्रम त्या वेगात चौथा ते तिसरा हिस्सा कमी होतात. हळू चालताना हा फायदा थोडा, समोरून वारा असला की मोठा. तेव्हा पुढे राहण्याचं ओझं एकावर टाकू नये. जसं तोडीचं पाळीपत्रक असतं तसं पुढे राहण्याचंही करा, आणि दर दहा-पंधरा मिनिटांनी पाळी बदला. थकलेल्याला पाळीतून सूट द्या, त्याला मध्ये घ्या. मात्र नवख्यांनी चाकाला चाक लावू नये, थोडे अंतर ठेवावे. घाटात वेग कमी असल्यानं आडोशाचा उपयोग नसतो. तिथं ज्याचं त्यालाच ओढावं लागतं, म्हणून एकजुटीची खरी परीक्षा घाटातच होते.

तिसरं, सगळ्यांच्या मागे एक जाणता, दमदार माणूस ठेवा. पंप, पाने, सोल्युशन, ठिगळं त्याच्याजवळ. त्याच्या मागे कुणी राहायचं नाही. हंगामात रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या असतात, तेव्हा एका ओळीत चाला आणि अंधारापूर्वी मुक्काम गाठा. तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्या. घाम फार गेला, कुणाला जुलाब झाले, तर १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाचा चमचा धरून, एवढं कालवून द्यावं. साखर आपल्या घरचीच आहे.

चौथी गोष्ट संध्याकाळच्या बैठकीची. पंढरीच्या वाटेवर, आळंदीच्या पालखी सोहळ्यात, मुक्कामी समाज आरती होते. चोपदारानं शांत राहण्याची खूण केली तरी ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ वाजवीतच राहते. मग चोपदार तिथं जातो, ऐकून घेतो, आणि टाळ थांबतात. तक्रार त्या दिवशीची त्या दिवशी मांडली जाते. फेरीतही रोज रात्री घटकाभर गोल बसावं आणि सर्वांत धाकट्याला आधी बोलू द्यावं. त्याच बैठकीत दिवसाचा गल्ला सर्वांदेखत मोजावा. फेरीचा खर्च वेगळा, निधी वेगळा. पैशाची कुजबुज सुरू झाली की मग कसलीही एकजूट टिकत नाही, हे सहकारात आपण पुरते ओळखतो.

मोठ्या फेरीचं उदाहरण आपल्या महाराष्ट्रातलंच आहे. आनंदवनचे बाबा आमटे यांनी डिसेंबर १९८५ मध्ये कन्याकुमारीहून काश्मीरकडे 'भारत जोडो' सायकल यात्रा काढली. शंभरावर तरुण-तरुणी, निरनिराळ्या प्रांतांचे आणि भाषांचे, हजारो किलोमीटर एकत्र चालले. १९८८ मध्ये इटानगरहून गुजरातमधील ओख्याकडे दुसरी यात्रा निघाली. बाबांची तेव्हा सत्तरी उलटलेली. पाठीच्या कण्याच्या दुखण्यानं त्यांना बसताही येत नसे. एक तर उभं राहायचं, नाही तर आडवं पडायचं. ते वाहनात पडून बरोबर गेले. सायकल न चालवणारा माणूसही यात्रेचा पूर्ण भागीदार असतो, हे यातून शिकावं. तुमच्यातही कुणी पाय मारील, कुणी हिशेब ठेवील, कुणी पुढच्या गावी जाऊन भाकरीची सोय पाहील. मान सर्वांचा सारखा.

आपल्या संस्थेत अर्ध्या एकराचा सभासद आणि वीस एकरांचा सभासद, दोघांनाही मत एकच. पण लहान शेतकऱ्याचा ऊस शेवटपर्यंत फडात वाळत राहिला तर त्या एका मताचा त्याला काय उपयोग? मागच्याची वाट पाहणं हा उपकार नव्हे, तो एकत्र निघण्याचा करारच आहे. पोरांना हे पाच दिवसांत रस्त्यावर कळलं तर उद्या संस्था चालवताना उपयोगी पडेल.

सभासदांना एक विनंती. फेरी आपल्या गावात येईल तेव्हा यथाशक्ती मदत करा, पावती मागून घ्या. आणि चहा ठेवला असेल तर पहिला आला म्हणून लगेच ओतू नका. शेवटचा गडी पोचू द्या, आणि पहिला कप त्याच्या हाती द्या.