अंधारात चौक ओलांडताना

जानेवारीत हुबळी-धारवाडला सूर्य उगवतो सातच्या सुमाराला. पेपरवाले, दूधवाले आणि पहिल्या पाळीचे कामगार मात्र त्याआधीच सायकली काढून रस्त्याला लागलेले असतात. अलीकडे त्यांत हेल्मेट घालून व्यायामाला निघणाऱ्या माझ्यासारख्यांची भर पडली आहे. पी. बी. रोडवर, म्हणजे जुन्या पुणे-बंगळूर रस्त्यावर, या वेळेला सायकल चालवायला खरं तर मजा येते. गारवा असतो, गर्दी नसते. भीती असते ती चौकांची.

सरळ रस्त्यावर गाडी मागून येते. तिच्या दिव्याचा झोत बराच वेळ तुमच्या पाठीवर असतो आणि मडगार्डवरचा लाल रिफ्लेक्टर आपलं काम चोख करतो. केंद्र सरकारने 2020 साली सायकलींच्या रिफ्लेक्टरसाठी गुणवत्तेचा आदेश काढला, त्यामुळे नव्या सायकलीला पुढे, मागे, पेडलला आणि चाकाच्या तारांत रिफ्लेक्टर बसवून मिळतात. चांगलंच झालं. पण रिफ्लेक्टर स्वतः उजळत नाही. उजेड ज्या दिशेने आला त्याच दिशेला तो परत पाठवतो, म्हणजे आधी कोणाचा तरी झोत त्याच्यावर पडावा लागतो. चौकात आडव्या रस्त्याने येणाऱ्या गाडीचा झोत तिच्या समोर सरळ पडलेला असतो आणि तुम्ही असता त्या झोताच्या बाहेर, कडेच्या अंधारात. चाकातला रिफ्लेक्टर चमकतो तेव्हा तुम्ही तिच्या पुढ्यात पोचलेले असता. ताशी पन्नासच्या वेगाने गाडी सेकंदाला सुमारे चौदा मीटर कापते. ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर जायला दीड सेकंद लागला, तरी वीस मीटर गेलेच.

त्यात आपल्याकडचा चौक साधा नाही. 2018 पासून चिगरी बस धावायला लागल्या आणि रस्त्याच्या मधोमध बसचा स्वतंत्र मार्ग आला. नवनगर-उणकलच्या बाजूला रस्ता ओलांडायचा तर आधी इतर वाहनांचा एक प्रवाह, मग बसचा एक, मग उलट्या दिशेच्या बसचा, आणि शेवटी पुन्हा वाहनांचा, असे चार टप्पे येतात. मोकळा मार्ग मिळालेली बस चांगली वेगात असते. कडेला रेलिंग असलं की सायकलवाला अर्धा त्याच्या आड जातो. मी तिथे पाय टेकून थांबतो आणि दोन्हीकडे पाहतो. सिग्नल हिरवा झाला तरी पहिली गाडी पुढे जाऊ देतो आणि मग निघतो. मागचे हॉर्न वाजवतात. वाजवू देत.

मोटारीच्या समोरच्या काचेला दोन बाजूंनी जे खांब असतात, त्यातल्या एकाच्या आड सायकल आणि सायकलवाला सहज मावतो. गंमत अशी की दोघांचे वेग जुळून आले आणि दोघे एकाच बिंदूकडे निघाले, तर ड्रायव्हरच्या नजरेत सायकलवाला जागचा हलतच नाही, खांबामागेच राहतो. आपला वेग किंचित बदलला की त्या आडोशातून बाहेर पडता येतं. म्हणूनच चौक जवळ आला की एकसारखं पेडल मारत जाऊ नये.

माझ्या अनुभवात सगळ्यात स्वस्त आणि गुणी वस्तू म्हणजे रेडियमची पट्टी. नंबरप्लेटवाल्याकडे मिळते. बहुतेक जण ती पाठीवर नाहीतर कॅरिअरला चिकटवतात. मी ती घोट्यांना बांधतो. पाठीवरची पट्टी हलत नाही, त्यामुळे लांबून तो खांब आहे की उभा ट्रेलर, काही कळत नाही. घोट्यावरची पट्टी वर-खाली होते आणि माणूस पेडल मारतोय हे पाहणाऱ्याला विचार न करता समजतं. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या संशोधकांनी बंद रस्त्यावर रात्री गाड्या चालवून हेच तपासलं. गुडघ्या-घोट्यांवर परावर्तक पट्ट्या असलेले सायकलस्वार ड्रायव्हरांना नुसत्या जाकिटवाल्यांपेक्षा कितीतरी लांबून ओळखू आले. शिवाय चौकात वळताना घोटा बाजूनेही दिसतो, पाठ दिसत नाही.

दिवा तर हवाच. डेन्मार्कच्या ओडेन्स शहरात 2004-05 मध्ये सुमारे 3,800 सायकलस्वारांवर एक प्रयोग झाला. ज्यांच्या सायकलीला कायम चालू राहणारे दिवे बसवले होते, त्यांच्यात इजा होणारे अपघात इतरांपेक्षा 19 टक्क्यांनी कमी निघाले. आपल्याकडे, धारवाड मुंबई प्रांतात होतं त्या काळात, विनादिव्याचा सायकलवाला पोलिसाच्या तावडीत सापडला की सुटत नसे. पुढे डायनामो आला, पण त्याची एक खोड होती. चाक थांबलं की दिवा गेला! म्हणजे चौकात उभं राहिल्यावर, जिथे सर्वांत जास्त गरज, तिथेच अंधार. आजच्या बॅटरीच्या दिव्याने ती अडचण संपवली. मागचा दिवा नुसता लुकलुकता ठेवला तर लक्ष वेधतो, पण अंतराचा अंदाज येत नाही. म्हणून एक स्थिर आणि एक लुकलुकता, असे दोन असावेत. हेल्मेटवर लहान दिवा असेल तर आडव्या रस्त्यावरच्या गाडीकडे क्षणभर मान वळवावी. ड्रायव्हरचं लक्ष जातं. मात्र तो डोळ्यांत रोखून धरू नये, आंधळा झालेला ड्रायव्हर कोणाच्याच कामाचा नाही.

पावसाळ्यात हे सगळं अर्ध्यावर येतं. धारवाडची झिमझिम काचेवर बसली की प्रत्येक थेंबात एक दिवा फुटतो आणि त्या गर्दीत सायकलचा एवढासा दिवा हरवून जातो. त्यावर आपल्याकडे खपणारे रेनकोट बहुतेक काळे नाहीतर गडद निळे. का, कोण जाणे! मळ दिसत नाही म्हणून असेल.

एक गोष्ट कुठल्याच उपकरणाने साधत नाही. सिग्नलला थांबलेल्या ट्रकच्या डाव्या बाजूने पुढे घुसू नका. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो, डाव्या चाकाशी उभा असलेला सायकलवाला त्याला दिसतच नाही आणि डावीकडे वळताना मागचं चाक आतून येतं. एक तर त्याच्या मागे थांबा, नाहीतर इतकं पुढे थांबा की त्याच्या काचेतून तुमचं डोकं दिसेल.

तुमच्या दारात पहाटे पेपर टाकणाऱ्या मुलाची सायकल एकदा नीट पाहा. तिला मागचा दिवा नसेल तर या महिन्याच्या पेपरबिलासोबत त्याला एक दिवा घेऊन द्या. आणि हातभर रेडियमही द्या, घोट्याला बांधायला.