साखरेचा उत्पादनखर्च आणि स्पर्धाक्षमता

ज्या मालावर उत्पादकाच्या नावाचा ठसा उमटत नाही, त्या मालाचा भाव ठरविणे उत्पादकाच्या हाती नसते. साखर हा असा माल होय. एकाच प्रतीच्या दोन पोत्यांपैकी कोणते कोणत्या कारखान्याचे, हे ग्राहक विचारीत नाही. तेव्हा बाजारात टिकावयाचे तर खर्च कमी करावा, हे उत्तर सहज सुचते. परंतु त्यातील कोणता खर्च कारखान्याच्या आटोक्यात आहे, हे प्रथम पाहिले पाहिजे.

साखरेच्या खर्चात सर्वांत मोठा वाटा उसाच्या किमतीचा असतो. २००९ पासून केंद्र सरकार उसाचा ‘रास्त व किफायतशीर दर’ ठरविते. हा दर उताऱ्याशी, म्हणजे शंभर किलो उसापासून किती किलो साखर निघते याच्याशी, बांधलेला असतो. २०२४-२५ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्यास क्विंटलमागे ३४० रुपये, आणि त्यापुढील प्रत्येक ०.१ टक्क्यास ३.३२ रुपये अधिक, असा दर होता. ३४० ला १०.२५ ने भागले असता किलोभर साखरेमागे उसाचाच खर्च सुमारे ३३ रुपये १७ पैसे येतो. २०१९ मध्ये ठरविलेली साखरेची किमान विक्री किंमत मात्र किलोला ३१ रुपये होती.

मराठीत ‘उतारा’ या शब्दाचा एक अर्थ विषावरील औषध असाही आहे, आणि तोट्यावर उतारा वाढविणे हेच औषध, अशी समजूत रूढ आहे. ती अर्धीच खरी आहे. उतारा अकरा टक्क्यांवर नेला, तरी दरही त्याच प्रमाणात चढतो. सबब वरील ३३ रुपये १७ पैसे कायम राहतात. फायदा होतो तो एवढाच, की प्रक्रियेचा खर्च अधिक साखरेवर विभागला जातो. याउलट साडेनऊ टक्क्यांखाली दर ३१५ रुपये १० पैशांवर स्थिर होता. त्यामुळे नऊ टक्के उतारा असलेल्या कारखान्यास तोच खर्च ३५ रुपयांवर पडे. अशा कारखान्याने तोडलेला ऊस शिळा होऊ न देता गाळणे, हा निश्चितच पहिला उपाय होय.

इतरांनी दृष्टी वळवावयाची ती गाळपाच्या दिवसांकडे. पगार, व्याज व घसारा हे खर्च कारखाना बंद असतानाही चालूच राहतात. म्हणून हंगाम जितका लांब, तितका क्विंटलमागील भार हलका. तथापि प्रत्येक कारखाना आपली गाळपक्षमता वाढवू लागला आणि परिसरातील ऊस तेवढाच राहिला, तर सर्वांचेच हंगाम आखूड होतात. एकट्याचे शहाणपण येथे सर्वांचे नुकसान ठरते.

तिसरा मार्ग उपपदार्थांचा. रस काढल्यावर उरणारा भुसा, म्हणजे बगॅस, बॉयलरमध्ये जाळतात. वाफेचा वापर जितका काटकसरीने होईल, तितका बगॅस शिल्लक राहून त्यापासून विकण्याजोगी वीज निर्माण होते. २०१८ पासून बी-हेवी मळीपासून व थेट उसाच्या रसापासूनही इथेनॉल करण्यास वाव मिळाला. हे उत्पन्न साखरेच्या खर्चातून वजा धरता येते. मात्र डिसेंबर २०२३ मध्ये रसापासूनच्या इथेनॉलवर निर्बंध आले व ऑगस्ट २०२४ मध्ये ते उठले; म्हणजे हा आधारही पूर्णतः स्वाधीन नाही.

देखभालीत काटछाट करणे हा मात्र खोटा उपाय होय. हंगामात यंत्र बंद पडले की दिवस व उतारा दोन्ही जातात. प्रवरानगर येथे १९५० मध्ये सहकारी कारखाना सुरू झाल्यापासून महाराष्ट्रात ऊस घालणारा शेतकरी हाच पुष्कळदा कारखान्याचा सभासद-मालक राहिला आहे. खर्चाचा हिशेब चुकला, तर थकते ते त्याचेच उसाचे बिल. यास्तव स्पर्धाक्षमतेचा विचार उसाच्या दरापासून नव्हे, तर वाफ, वेळ आणि वाया जाणारा माल यांपासून सुरू झाला पाहिजे.